मूक ‘एच’चा पंथ

इंग्रजीत ‘बियर’चं स्पेलिंग बी, ई, ई, आर. त्यात बी-नंतर एक एच घुसडला तरी उच्चार तोच राहतो. पण विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या एखाद्या पत्रात असा उपरा एच दिसला, की वाचणारा मनाशी हसायचा: हा आपल्यातला दिसतोय!

‘आपल्यातले’ म्हणजे विज्ञानकथांचे चाहते. ह्यूगो गर्न्सबॅकने १९२६ साली ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक काढलं, आणि त्यात वाचकांची पत्रं त्यांच्या पत्त्यांसकट छापली जाऊ लागली. गावात ज्याचं हे वेड कुणालाच कळत नाही अशा पोराला अचानक हजार मैलांवरचा जोडीदार सापडला. पत्रव्यवहार सुरू झाला, मंडळं निघाली आणि १९३० साली शिकागोहून ‘द कॉमेट’ हे चाहत्यांनी स्वतः काढलेलं पहिलं नियतकालिक आलं. अशा नियतकालिकांना ‘फॅनझीन’ हे नाव मात्र दहा वर्षांनी मिळालं. ते १९४० साली रसेल शॉव्हने याने दिलं आणि आज ते शब्दकोशांत आहे.

तर तो एच. १९३०च्या दशकात न्यूयॉर्कच्या डोनाल्ड वॉलहाइम आणि जॉन मिशेल यांनी ‘घूघू’ नावाचा देव काढला. त्यातल्या ‘घू’चं स्पेलिंग जी, एच, यू. पूजा नाही, देऊळ नाही; होती ती धर्मग्रंथांच्या भारदस्त भाषेची टिंगल. या देवाचा पवित्र रंग जांभळा. हा रंग कुठून आला हे समजायला त्या काळची छपाई पाहावी लागते. खिशात पैसे नसलेल्या पोरांचं छपाईयंत्र म्हणजे हेक्टोग्राफ: ट्रेमध्ये जिलेटिन आणि ग्लिसरीनची थापलेली जेली. अ‍ॅनिलीन रंगाच्या गडद जांभळ्या शाईने मूळ पान लिहायचं, ते जेलीवर उलटं दाबायचं, जेली शाई शोषून घेते. मग कोरा कागद वरून दाबला की थोडी शाई त्यावर उतरते. नाव ग्रीक ‘शंभर’वरून, पण पन्नासेक प्रतींनंतर अक्षरं फिकट होत जात. हात, बाह्या, स्वयंपाकघराचं टेबल, सगळं जांभळं. अशा लोकांच्या देवाला दुसरा कुठला रंग शोभला असता?

देव आला म्हटल्यावर प्रतिस्पर्धी येणारच. लॉस एंजेलिसच्या मंडळींनी ‘फूफू’ उभा केला. त्या पंथाची मुख्य पुजारीण ‘पोगो’ या टोपणनावाने वावरत असे. ‘फू’ हा निरर्थक शब्द तेव्हा ‘स्मोकी स्टोव्हर’ या वर्तमानपत्री चित्रमालिकेत जागोजागी लिहिलेला दिसे. फूफू तिथूनच उचलला असणार. पुढे मिशिगनच्या आर्ट रॅपने रॉस्को नावाचा अदृश्य बीव्हर देवपदाला चढवला. दोन्ही-तिन्ही पंथांचे लोक एकमेकांना पाखंडी ठरवून पानंच्या पानं लिहीत. मला वाटतं, यातली खरी करमणूक श्रद्धेची नव्हती, भांडणाची होती.

घूच्या नावातला एच मग इतर शब्दांत झिरपला. ‘गॉड’मध्ये शिरला, ‘बियर’मध्ये शिरला. इंग्रजीत याला जुना आधारही आहे. ‘घोस्ट’मधला एच आधी नव्हता, इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन याच्या छापखान्यातून, बहुधा फ्लेमिश भाषेच्या वळणाने, तो आत आला आणि राहिला. देवनागरीत मात्र हा विनोद जमणारच नाही. आपल्याकडे ह लिहिला की तो ऐकू येतो. ‘बियर’चं थेट ‘भीर’ होतं. आपली पोरं ‘च’ची भाषा बोलतात, ‘पाणी’चं ‘चणीपा’ करतात, ती कानासाठी. घूचा एच फक्त डोळ्यासाठी होता.

सर्वसाधारण गुप्त बोली तोंडात जन्मते. ही टाइपरायटरवर जन्मली. म्हणून तिच्यात इतकी जोडकामं आणि आद्याक्षरं आहेत. ‘इगोबू’ म्हणजे छापलेलं स्वतःचं नाव वाचून अहंकाराला येणारं भरतं. ‘कॉर्फ्लू’ म्हणजे सायक्लोस्टाइलच्या स्टेन्सिलवरची चूक झाकायचं द्रव. १९५०च्या दशकात ली जेकब्सच्या लेखात ‘फोक’ संगीताऐवजी ‘फिल्क’ टाइप झालं. कीबोर्डवर ओ आणि आय शेजारीशेजारी असतात, बोट सरकलं असेल. चाहत्यांनी ती चूक दुरुस्त केली नाही. आपल्या गाण्यांना तेच नाव दिलं.

भाषाशास्त्रज्ञ मायकेल हॅलिडे यांनी १९७६ साली ‘प्रतिभाषा’ ही कल्पना मांडली. समाजाच्या कडेला जगणारे गट व्याकरण तेच ठेवतात, पण शब्द बदलतात, आणि जिव्हाळ्याच्या गोष्टींसाठी गरजेपेक्षा कितीतरी जास्त शब्द घडवतात. त्यांच्या उदाहरणांत कोलकात्याचं गुन्हेगारी जग होतं: बॉम्बला २१ शब्द, पोलिसांना ४१. चाहत्यांना पोलिसांची भीती नव्हती, पण नियतकालिकांचं वेड होतं. म्हणून धंदेवाईक मासिक ते ‘प्रोझीन’, सगळ्या विषयांचं ते ‘जेनझीन’, टाकाऊ ते ‘क्रडझीन’.

सगळ्यात बोलका शब्द ‘गाफिया’. ‘या सगळ्यापासून दूर पळणं’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरं. सुरुवातीला ‘हे सगळं’ म्हणजे शाळा, नोकरी, घरचे, आणि पळायचं ते चाहत्यांच्या जगात. काही वर्षांत अर्थ उलटला. आता ‘हे सगळं’ म्हणजे चाहत्यांचंच जग: न पाठवलेली उत्तरं, रखडलेले अंक, गटबाजी. गाफिया झाला म्हणजे माणूस त्यातून बाहेर पडला. शब्द जागचा हलला नाही. बोलणाऱ्यांचं घर मात्र बदललं होतं. आणि ज्याला जायचं नव्हतं, पण परिस्थितीपुढे नाइलाजाने जावं लागलं, त्याच्यासाठी त्यांनी वेगळा शब्द राखून ठेवला: ‘फाफिया’.