डिव्हाइस मेमरी मॅपिंग

उपकरणाच्या रजिस्टरांना (उपकरणाशी बोलण्याच्या छोट्या कप्प्यांना) किंवा उपकरणातल्या मेमरीला कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) हाताशी येईल असा पत्ता मिळवून देणे, काम चालू असेपर्यंत तो सांभाळणे आणि काम संपल्यावर परत करणे, याला डिव्हाइस मेमरी मॅपिंग म्हणतात. ही जबाबदारी ड्रायव्हरची, म्हणजे ते उपकरण चालवणाऱ्या कोडची. या नोंदीतली उदाहरणे प्रामुख्याने लिनक्स कर्नलमधली आहेत.

उपकरणाशी बोलण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत, म्हणजे इंटेल घराण्यातल्या प्रोसेसरांत, ६५,५३६ पोर्टांची (उपकरणांसाठीच्या पत्त्यांची) वेगळी वसाहत असते आणि तिच्यासाठी वेगळ्या सूचना असतात. दुसऱ्या रीतीत उपकरणाची रजिस्टरे मेमरीच्याच पत्त्यांत बसवलेली असतात. तिथे लिहिले की ते रॅममध्ये न जाता उपकरणाकडे जाते. १९७० साली आलेल्या पीडीपी-११ या संगणकात हीच रीत होती. आज एआरएम आणि रिस्क-फाइव्ह प्रोसेसर तिच्यावरच चालतात, आणि इंटेलवरही बहुतेक नवी कार्डे तीच वापरतात.

गोंधळ होतो तो पत्त्यांचा. मराठवाड्यातल्या वाचकाला तो समजायला फार लांब जावे लागत नाही. एकत्रीकरण झालेल्या गावात एकाच रानाला जुना सर्व्हे नंबर असतो, नवा गट नंबर असतो आणि पारावर विचारले तर ‘विहिरीजवळची पट्टी’ हे तिसरेच नाव निघते. जमीन तीच. पण जुना नंबर घेऊन नव्या सातबाऱ्यावर शोधायला गेलात तर भलत्याचेच रान हाती लागते. ड्रायव्हरमध्येही तसेच तीन पत्ते असतात: बसवरून (उपकरणांना जोडणाऱ्या वाटेवरून) दिसणारा, प्रोसेसरला दिसणारा भौतिक पत्ता आणि कर्नलच्या पेज टेबलातला (आभासी पत्त्याचा भौतिक पत्ता सांगणाऱ्या तक्त्यातला) आभासी पत्ता.

नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या अभियांत्रिकीच्या मुलांना हा फरक बहुधा पहिल्यांदा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर भेटतो. पहिल्या पायच्या चिपच्या माहितीपुस्तिकेत जीपीआयओचा (एलईडीसारख्या गोष्टी जोडायच्या पिनांच्या रजिस्टरांचा) पत्ता हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकांत) ७ई२००००० असा छापलेला आहे. तो बसचा पत्ता. त्याच पायवर प्रोसेसरच्या बाजूने तो २०२००००० होतो, पाय ३ वर ३एफ२००००० आणि पाय ४ वर एफई२०००००. इंटरनेटवरून उचललेला कोड एलईडी का लावत नाही, याचे उत्तर पुष्कळदा या एका आकड्यात असते. म्हणूनच आकडा कोडमध्ये कोरून ठेवायचा नसतो. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरच्या उपकरणांच्या यादीत) बसचा पत्ता आणि त्याचे भौतिक रूपांतर दोन्ही नोंदवलेले असतात. ड्रायव्हरने कर्नलकडे विचारायचे. पीसीआय कार्डांत (संगणकाच्या खाचेत बसणाऱ्या कार्डांत) ही माहिती कार्डाच्याच बेस अॅड्रेस रजिस्टरांत असते, साध्या कार्डात जास्तीत जास्त सहा. त्यांत सगळे एक लिहून परत वाचले की किती जागा हवी ते कळते.

भौतिक पत्ता मिळाला म्हणून कर्नल त्याला थेट हात लावू शकत नाही. एमएमयू (पत्त्यांचे रूपांतर करणारा प्रोसेसरमधला भाग) चालू असल्यावर प्रोसेसरचा प्रत्येक पत्ता पेज टेबलातून जातो. म्हणून ड्रायव्हर आधी रिक्वेस्ट मेम रीजन या फंक्शनने तो पट्टा आपल्या नावावर नोंदवतो, म्हणजे दुसरा ड्रायव्हर त्याच जागेवर हक्क सांगायला आला तर त्याला नकार मिळतो. मग आयओरिमॅप हे फंक्शन त्या पट्ट्यासाठी पेज टेबलात नोंदी करून आभासी पत्ता देते. नावावर झालेले पट्टे प्रॉक आयओमेम या फाइलमध्ये दिसतात. मात्र रूटचे अधिकार नसतील तर सगळे पत्ते शून्य दिसतात, आणि नवखा माणूस तिथेच अर्धा तास घालवतो.

आयओरिमॅपचे निम्मे महत्त्व कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळ ठेवलेल्या मजकुराच्या प्रतीत, आहे. रॅमचा मजकूर कॅशमधून वाचला तरी बिघडत नाही. रजिस्टरचे तसे नसते. सिरियल पोर्टचे डेटा रजिस्टर वाचले की रांगेतला एक बाइट निघून जातो, एरर दाखवणारे काही बिट नुसत्या वाचण्याने पुसले जातात. इथे सातबाऱ्याची उपमा संपते, कारण उतारा वाचल्याने रान बदलत नाही. म्हणून हे मॅपिंग कॅशविना केलेले असते. ग्राफिक्सच्या फ्रेमबफरसाठी (पडद्यावरचे चित्र ठेवणाऱ्या मेमरीसाठी) मात्र लहान लेखने एकत्र करून पाठवणारा प्रकार वेगाला बरा पडतो.

मिळालेला पत्ता साधा पॉइंटर समजून वापरणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. इंटेलवर ते बहुतेक वेळा चालून जाते, आणि म्हणूनच ती सवय मोडत नाही. रीडएल आणि राइटएल ही फंक्शने कंपायलरला वाचन-लेखन गाळू देत नाहीत आणि क्रमही राखतात. तरीही पीसीआयवर लेखन वाटेत थांबून राहू शकते. ते उपकरणापर्यंत पोचल्याची खात्री हवी असेल तर त्याच उपकरणाचे एखादे रजिस्टर वाचून पाहतात.

परत करण्याचा क्रम मिळवण्याच्या उलटा. आयओअनमॅपने मॅपिंग काढल्यानंतर इंटरप्ट (उपकरणाची लक्ष वेधणारी हाक) आला आणि त्याला उत्तर देणाऱ्या हँडलरने जुना पत्ता वापरला, तर कर्नल तिथेच ऊप्स (कर्नलमधल्या गंभीर चुकीचा संदेश) देतो. डेव्हएम उपसर्गाची फंक्शने ही साफसफाई आपोआप आणि उलट्या क्रमाने करतात. पण इंटरप्ट आधी मागून मॅपिंग नंतर केले, तर उलट्या क्रमात मॅपिंग आधी जाते आणि इंटरप्ट मागे जिवंत राहतो. डेव्हएमवर विसंबून निर्धास्त झालेल्यांच्या ड्रायव्हरमध्ये ही फट अनेकदा सापडते.

३२-बिट कर्नलवर आणखी एक अडचण होती: इंटेलवर अशा मॅपिंगांसाठी व्हीमॅलॉकची (कर्नलच्या राखीव आभासी पत्त्यांची) साधारण १२८ एमबी जागाच असे. २५६ एमबीचे ग्राफिक्स कार्ड त्यात एका तुकड्यात मावत नसे. ६४-बिटवर हा प्रश्न उरला नाही.

हीच मेमरी एमएमॅप या सिस्टिम कॉलद्वारे वापरकर्त्याच्या प्रोग्रामलाही देता येते. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एखाद्या कारखान्यात मोजमापाचे कार्ड सतत वाचायचे असेल, तर दर वाचनाला कर्नलची फेरी त्यामुळे वाचते. मात्र मॅपिंग पेजाच्या (मेमरीच्या ठरावीक तुकड्याच्या) मापाने होते, आणि पेज सहसा ४,०९६ बाइटचे असते. कार्डाची रजिस्टरे त्यातली २५६ बाइटच असली तरी पूर्ण पेज द्यावे लागते, आणि उरलेल्या भागात शेजारच्या उपकरणाची रजिस्टरे असतील तर तीही त्या प्रोग्रामच्या हाती जातात. बांध कोरल्याची तक्रार कर्नलकडे येत नाही, कारण कायद्याने ते पूर्ण पेज त्यालाच दिलेले असते. त्यामुळे मागितलेली लांबी आणि ऑफसेट (सुरुवातीपासूनचे अंतर) आपल्या पट्ट्यात बसतात की नाही, हे ड्रायव्हरच्या एमएमॅप फंक्शननेच तपासावे लागते.