इसब : कोल्हापूर परिसरातील दीर्घकालीन निगा

इसब म्हणजे खाज सुटणारा आणि पुन्हा पुन्हा उलटणारा त्वचेचा दाह. डॉक्टर त्याला एक्झिमा म्हणतात. लहानपणी सुरू होणाऱ्या, घराण्यात दमा किंवा सकाळच्या शिंकांच्या जोडीने दिसणाऱ्या प्रकाराला अ‍ॅटॉपिक डर्माटायटिस हे नाव 1933 मध्ये मिळाले. कोल्हापूरकडे ‘ओला इसब’ आणि ‘सुका इसब’ असे दोन शब्द रूढ आहेत, आणि ते निरीक्षणातून आलेले आहेत. लस वाहणारा, खपल्या धरणारा ताजा चट्टा आणि खाजवून खाजवून जाड, काळपट झालेली जुनी जागा या बहुधा एकाच रोगाच्या दोन अवस्था असतात. इसब स्पर्शाने पसरत नाही. मुलाला मांडीवर घ्यायला, सुनेच्या हातची भाकरी खायला, शेजारी बसून जेवायला काहीही अडचण नाही. खाजेइतकाच त्रास या गैरसमजाचा होतो, म्हणून हे सगळ्यात आधी सांगणे भाग आहे.

त्वचेचा वरचा थर भिंतीसारखा असतो. पेशी या विटा आणि त्यांच्यामधला स्निग्ध पदार्थ हा गिलावा. अ‍ॅटॉपिक इसबाच्या अनेक रुग्णांत ही भिंत जन्मतःच कच्ची असते. फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोषाशी तिचा संबंध 2006 मध्ये स्पष्ट झाला. फटीतून ओलावा निघून जातो, साबण, धूळ, जंतू आत शिरतात, खाज सुटते, खाजवल्याने फट आणखी रुंदावते. ‘रक्त बिघडलंय’ किंवा ‘अंगातली उष्णता बाहेर पडतेय’ या स्पष्टीकरणांना म्हणूनच आधार नाही. मलमाने इसब दाबला तर दमा होतो, ही समजूतही तशीच. ज्या मुलाला इसब आहे त्याला पुढे दमा होण्याची शक्यता मुळातच जास्त असते. मलम लावल्याने तो होत नाही. या भीतीपोटी लेकरांना रात्र-रात्र तळमळत ठेवले जाते, आणि ते टाळता येण्यासारखे आहे.

अनेक मुलांचा इसब वयाबरोबर ओसरतो, काहींचा राहतो. राहिला तर ‘बरा कधी होणार’ यापेक्षा ‘आटोक्यात कसा राहील’ हा प्रश्न उपयोगाचा. रोजच्या निगेत पहिला क्रम आंघोळीचा. बंबातले कडकडीत पाणी अंगावर घेतले की खाज गेल्यासारखी वाटते, आणि तासाभरात दुप्पट होऊन येते. कोमट पाणी, पाच ते दहा मिनिटे, साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांना. अंग टिपायचे, घासायचे नाही, आणि ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा साधे, बिनवासाचे मॉइश्चरायझर लावायचे. प्रमाण ऐकून घरचे दचकतात. अंगभर इसब असलेल्या मोठ्या माणसाला आठवड्याला सुमारे 250 ग्रॅम लागते. महागड्या छोट्या बाटलीपेक्षा स्वस्तातला मोठा डबा बरा, कारण तो हात आखडता न घेता वापरला जातो. खोबरेल तेल पुष्कळांना मानवते. मोहरीचे तेल झोंबते. दिवाळीच्या अभ्यंगात तेल जरूर लावावे, खरखरीत उटणे मात्र चट्ट्यांवर चोळू नये.

चट्टा लाल होऊन पेटला की नुसते मॉइश्चरायझर पुरत नाही. तिथे स्टेरॉइड मलम लागते. त्वचेवर लावायच्या हायड्रोकॉर्टिसोनचा पहिला यशस्वी वापर 1952 मधला, आणि आजही हेच उपचाराचे मुख्य साधन आहे. चेहरा, पापण्या, जांघ इथे सौम्य, तळहात-तळपायाला जोरकस. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ सुमारे अर्धा ग्रॅम भरते, आणि ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चट्टा दिसेनासा झाला की लोक मलम बंद करतात, आणि बहुतेकांचे गाडे इथेच घसरते. वारंवार उलटणाऱ्या जागी, डोळ्यांना बरी दिसत असतानाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्यातून दोन दिवस मलम चालू ठेवले तर उलटण्याचे प्रमाण कमी होते. नाजूक जागी टॅक्रोलिमस हे बिनस्टेरॉइडचे मलम चालते. सुरुवातीचे काही दिवस ते चुरचुरते.

भीती बाळगायची ती मेडिकलमधून तोंडी मागून आणलेल्या मिश्र ट्यूबची. क्लोबेटासॉलसारखे तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांची ती खिचडी असते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कपडे दिवसेंदिवस सादळलेले राहतात आणि नायटा फोफावतो. त्यालाच इसब समजून ही ट्यूब लावली की खाज थांबते, नायटा मात्र आतल्या आत पसरतो आणि मग औषधाला दाद देत नाही. उलट इसबाला नायटा समजणेही घडते. ही ट्यूब चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ, लाल होते, उन्हात गेल्यावर भाजल्यासारखी वाटते. 2018 मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीविना न विकण्याच्या शेड्यूल एच यादीत आणली. घराघरातून अर्धी पिळलेली ट्यूब एकमेकांना देण्याची चाल मात्र कोणत्याही यादीने थांबत नाही.

इसबाचे कारण पुष्कळदा कामात सापडते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत यंत्रावर काम करणाऱ्यांचे हात दिवसभर कूलंटमध्ये, म्हणजे यंत्र थंड ठेवणाऱ्या द्रवात, भिजतात; नंतर ते सॉल्व्हंटने, म्हणजे तेलकटपणा विरघळवणाऱ्या द्रवाने, पुसले जातात, आणि नुकसान पुसण्याने अधिक होते. गवंड्याच्या हातावर ओल्या सिमेंटचा क्षार आणि त्यातला क्रोमेट असे दोन घाव पडतात. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करताना किलोकिलो लसूण सोलणाऱ्या बायकांच्या एकाच हाताची तीन बोटे टोकाशी चिरतात: अंगठा, तर्जनी, मधले. लसूण धरणारा हात तो. सुरीच्या हाताला काही होत नाही, आणि एवढ्यावरून निदानाची दिशा मिळते. आत सुती, वर रबरी असे दुहेरी हातमोजे इथे कामी येतात. नुसत्या रबरात घाम साचून त्रास वाढतो.

शेताच्या बांधावरचे गाजरगवत हे वेगळेच प्रकरण. 1950 च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे तण आता सगळीकडे आहे. त्याचे वाळलेले कण वाऱ्याने उडतात आणि चाळिशी-पन्नाशीच्या शेतकऱ्याच्या पापण्या, मान, कोपराचे खळगे सुजून खाजू लागतात. लहानपणी कधी इसब नव्हता आणि आता चेहराच धरलाय, असे कोणी सांगितले तर उसाच्या पाल्याआधी गाजरगवताचा संशय घ्यावा. पाल्यावरची बारीक कुसे ओरखडतात, कच्च्या त्वचेला त्रास देतात, पण त्यांची तक्रार फडाबाहेर पडल्यावर निवते.

अलंकार आणि उत्सवही या यादीत येतात. सोन्याचा साज सहसा बाधत नाही; त्याच घडणीच्या नकली साजातले निकेल मानेवर गोल चट्टा उठवते. टिकलीच्या डिंकाने कपाळावर तसाच डाग पडतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेला जाणाऱ्याने आधी अंगाला जाडसर पेट्रोलियम जेली लावावी, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि गुलाल साध्या पाण्याने लवकर धुवावा. चांगभलं म्हणायला त्याने काही कमी पडत नाही. 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेचे पारंपरिक चामडे बाभळीची साल आणि हिरड्याने कमावतात. इतर बरेच चामडे क्रोमने, म्हणजे सिमेंटच्या क्रोमेटमधल्याच धातूच्या क्षारांनी, कमावतात; त्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांना हे सोयीचे, पण बाजारातली प्रत्येक ‘कोल्हापुरी’ त्या चामड्याची नसते.

तालमीतल्या पोराला इसब असेल तर कुस्ती सोडवू नये. तेल, ताक, हळद घातलेल्या लाल मातीने इसब होत नाही; घाम आणि घासणे यांनी तो चिडतो. सरावानंतर लगेच आंघोळ, स्वतःचा पंचा, स्वतःचा लंगोट. मात्र जोडीदाराच्या ओठाजवळ किंवा अंगावर पाण्याचे फोड दिसले तर ती झोंबी टाळावी. नागिणीच्या जातकुळीतला हर्पिसचा विषाणू इसबाच्या उघड्या त्वचेतून झपाट्याने पसरतो. एकसारखे गोल, खोल टोचल्यागत फोड, ताप, वेदना, डोळ्याजवळ पसरणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. शहरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजेच सीपीआर, यासाठी सरकारी ठिकाण आहे. जुनी माणसे त्याला थोरला दवाखाना म्हणतात.

पथ्याच्या नावाखाली वांगे, अंडे, दूध, तांबडा रस्सा सरसकट बंद होतो. खाल्ल्यावर लगेच गांधी उठणे, ओठ सुजणे असे घडत असेल तरच त्या पदार्थाची तपासणी करावी. वाढत्या मुलाचे दूध-अंडे उगाच तोडले की इसब तसाच राहतो आणि वजन घटते.

मलमांना न जुमानणाऱ्या इसबासाठी अरुंद पट्ट्यातील अतिनील किरणे, मेथोट्रेक्सेट आणि सायक्लोस्पोरिन ही प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे, गाजरगवताच्या त्रासात त्याच जातीचे अ‍ॅझाथायोप्रिन, आणि 2017 पासून वापरात आलेले ड्युपिलुमॅबचे इंजेक्शन असे मार्ग आहेत. शेवटचे सामान्य घराला परवडणारे नाही. तोंडी स्टेरॉइडने चार दिवसांत चमत्कार दिसतो आणि थांबवताच इसब उसळून येतो, म्हणून ते नेहमीचे औषध नव्हे.

पंचगंगेकाठच्या घरांना आणखी एक तयारी लागते. 2019 आणि 2021 च्या पुरांत लोक अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. पुराच्या पाण्यात तासन्‌तास भिजलेली इसबाची त्वचा सहज चिघळते. जुलैत पाण्याची पातळी चढू लागली की कागदपत्रांच्या पिशवीत चालू मलमाची ट्यूब, मॉइश्चरायझरचा डबा, दोन सुती सदरे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली प्रत ठेवावी.