‘होल’ या एका शब्दामागे काय काय दडलंय

नागपुरात मेडिकल असो, मेयो असो की सुपर, या सरकारी रुग्णालयांत लहान मुलांच्या हृदयतपासणीच्या रांगेत एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘पोराच्या हृदयाले होल हाय.’ गडचिरोलीहून आलेली आई तेच सांगते आणि बालाघाटचे वडील हिंदीत तेच सांगतात. मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेची पार्श्वभूमी या शब्दापासूनच सांगायला हवी, कारण या शब्दापायी आपल्याकडे पुष्कळ मुलांचे महिने वाया गेलेत.

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं छिद्र म्हणजे एएसडी, खालच्या दोन कप्प्यांमधलं म्हणजे व्हीएसडी. या दोघांना होल म्हणणं ठीक आहे. पण पीडीए हे छिद्र नव्हे. पोटात असताना बाळाला लागणारी ती एक नळी असते. जन्मानंतर काही दिवसांत ती बंद व्हायला हवी, पण उघडी राहते. ‘टेट्रालॉजी’मध्ये छिद्राबरोबर फुप्फुसाकडे जाणारी वाटही अरुंद असते, म्हणून मूल निळं पडतं आणि खेळता खेळता मध्येच उकिडवं बसतं. काही बाळांच्या तर दोन मोठ्या रक्तवाहिन्याच अदलाबदल झालेल्या असतात. घरी मात्र या सगळ्यांचं नाव एकच, होल.

आणि होलाला चिकटून दुसरं वाक्य येतं: ‘वयानुसार बुजून जाते.’ ते खोटं नाही. व्हीएसडी लहान असेल, विशेषतः पडद्याच्या स्नायूच्या भागात असेल, तर पहिल्या काही वर्षांत तो बऱ्याचदा आपोआप बंद होतो. शेजारच्या मुलाचा झालेला असतो, मग आपणही थांबतो. पण मोठा व्हीएसडी असा बुजत नाही. त्यातून जास्तीचं रक्त फुप्फुसात जात राहतं. बाळ दूध पिताना घामाघूम होतं, दोन घोट घेऊन थांबतं, त्याला पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो. पुढे फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या जाड होतात, तिथला दाब वाढत वाढत एक दिवस प्रवाहच उलटा फिरतो. याला डॉक्टर आयझेनमेंगर म्हणतात. त्यानंतर छिद्र बंद करणं जिवावर बेततं. म्हणजे शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असते, आणि तीही बहुधा ‘बुजेल’ या भरवशावर.

याच्याच जोडीला ‘आधी वजन वाढू द्या’ हा सल्ला. तो कुठून आला ते समजून घ्यायला हवं, कारण त्याच्या काळात तो चुकीचा नव्हता. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं साधारण २५० मिलिलिटर. हृदय थांबवून काम करायचं तर रक्त यंत्रातून फिरवावं लागतं. जुन्या यंत्रांच्या नळ्या आणि ऑक्सिजन मिसळणारा भाग भरायलाच बाळाच्या एकूण रक्तापेक्षा जास्त द्रव लागायचा. बाहेरचं रक्त घालावं लागे, अंगावर सूज चढे, लहान जीव ते सोसू शकत नसे. म्हणून सर्जन थांबायचे. पुढे यंत्रं आटोपशीर झाली, शेवटी अंगातलं जास्तीचं पाणी गाळून काढायची पद्धत आली, रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणाऱ्या कलर डॉपलर इको तपासणीमुळे छिद्र नेमकं कुठे आणि केवढं हे आधीच कळू लागलं. नियमामागचं कारण गेलं, नियम मात्र तालुक्याच्या गावी रेंगाळत राहिला. माझ्या मते सर्वात जास्त नुकसान त्यानेच केलं. हृदयामुळेच ज्याचं वजन वाढत नाही, त्याला वजन वाढवून या म्हणायचं तरी कसं? अगदी अशक्त बाळाच्या किंवा पडद्याला चाळणीसारखी बरीच छिद्रं असलेल्या बाळाच्या बाबतीत फुप्फुसाच्या रक्तवाहिनीला पट्टी बांधून प्रवाह कमी करतात आणि मुख्य दुरुस्ती नंतर करतात. तेही थांबणंच, पण उपचार करून थांबणं.

(‘बायपास’चाही असाच घोळ. ऑपरेशन थिएटरात ‘बायपासवर घेतलं’ म्हणजे बाळ यंत्रावर घेतलं. बाहेर आजोबांना वाटतं, त्यांच्यासारखंच नातवाच्याही नसेत ब्लॉकेज आहे.)

मागचा इतिहास थोडक्यात. १९३८मध्ये बोस्टनला पीडीएची नळी बांधली गेली, १९४४मध्ये बाल्टिमोरला निळ्या बाळासाठी फुप्फुसाकडे नवी वाट काढली गेली, १९५३मध्ये फिलाडेल्फियात यंत्राच्या मदतीने छिद्र बंद झालं. १९५४मध्ये मिनीॲपोलिसला तर यंत्राऐवजी आई किंवा वडिलांचंच हृदय मुलासाठी काम करत होतं, दोघांच्या रक्तवाहिन्या नळ्यांनी जोडून. अदलाबदल झालेल्या रक्तवाहिन्या जागेवर लावण्याचं काम पहिल्यांदा १९७५मध्ये साओ पाउलोला साधलं. अलीकडे बरेच एएसडी आणि पीडीए मांडीच्या शिरेतून किंवा धमनीतून नळी घालून बंद होतात. निकेल आणि टायटॅनियमच्या तारेची ‘छत्री’ आत जाऊन आपला मूळ आकार धरते, छातीवर टाका पडत नाही. मात्र प्रत्येक छिद्राला छत्री बसत नाही. झडपेजवळच्या किंवा हृदयाच्या विजेच्या वाटेजवळच्या व्हीएसडीला आजही अनेकदा सर्जनच लागतो.

विदर्भापुरतं बोलायचं तर खरा बदल २०१३चा. फेब्रुवारीत पालघरहून बालस्वास्थ्य तपासणीचा कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथक येऊ लागलं आणि स्टेथोस्कोपने ऐकलेली हृदयाची कुरकुर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, पहिल्यांदा नोंदवहीत चढली. त्याच वर्षी नोव्हेंबरात राज्य सरकारची नवी जीवनदायी योजना नागपूरसह राज्यभर लागू झाली. १९९७पासूनच्या जुन्या योजनेत हृदय होतंच, पण आता शोधणारं पथक आणि पैसे देणारी योजना एकाच वेळी हाताशी आली. त्याआधी मोठ्या रुग्णालयात न्या अशी चिठ्ठी मिळायची आणि घडी होऊन ट्रंकेत पडायची. मुंबई म्हणजे रेल्वेने सव्वाआठशे किलोमीटरहून जास्त, वर मुक्काम, वर बुडालेली मजुरी. गेल्या दशकात छत्तीसगडमधल्या नवा रायपूरला मुलांच्या हृदयावर पैसे न घेता उपचार होऊ लागले, तेव्हापासून पूर्व विदर्भातली कुटुंबं हावडा मार्गाची गाडीही धरतात. मुक्काम आणि मजुरीचा खर्च मात्र अजूनही घरच्यांच्याच माथी.

शाळेतल्या तपासणीला नवजात बाळ सापडत नाही. त्याच्यासाठी जन्मानंतर २४ तासांनी उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावतात. ९० टक्क्यांच्या खाली आलं तर लगेच पुढे पाठवायचं, दोन्हीकडे ९५ किंवा जास्त आणि फरक ३पर्यंत असला तर सुटका. सावळ्या कातडीवर निळेपणा डोळ्यांना चुकवतो, म्हणून जीभ आणि हिरड्याही पाहतात. रक्ताभिसरण पीडीएच्या त्या उघड्या नळीवरच तगून असलेल्या बाळाला ती बंद होऊ न देणारं प्रोस्टाग्लँडिन सुरू करून पाठवतात. या औषधाची कुपी फ्रिजमध्ये ठेवावी लागते आणि त्याने बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो. गडचिरोली ते नागपूर जवळपास पावणेदोनशे किलोमीटर. एवढ्या वाटेत बर्फाचा डबा सोबत हवा, आणि बाळाच्या तोंडावर मास्क धरून पिशवीने श्वास देता येणारं माणूस ॲम्ब्युलन्समध्ये मागे, बाळाशेजारी बसलेलं हवं.