फुल आयर्नमॅनचं रेकॉर्ड टायमिंग

फुल आयर्नमॅन ही ट्रायथलॉन शर्यत म्हणजे ३.८ किमी स्विमिंग, १८० किमी सायकलिंग आणि वर ४२.२ किमी रनिंग, सगळं सलग, मधे कपडे-शूज बदलायला जातो तो वेळही टायमिंगमध्येच धरतात. मुंबईकराच्या हिशोबाने नुसती सायकलच दादरहून निघून नाशिकच्या पुढे जाईल एवढी, आणि नंतर अख्खी मॅरेथॉन बाकी.

१९७८ ला हवाईत पहिली आयर्नमॅन झाली, गॉर्डन हॅलर ११:४६:५८ मध्ये (तास:मिनिटं:सेकंद) जिंकला. १९९७ ला लुक व्हान लिर्डेने जर्मनीत रोथला ७:५०:२७ केलं आणि हा आकडा १४ वर्षं कोणाला हलवता आला नाही, २०११ ला तो मोडला, मग रोथलाच २०१६ मध्ये यान फ्रोडेनो ७:३५:३९ आणि २०२४ मध्ये मॅग्नस डिट्लेव्ह ७:२३:२४. बायकांमध्ये क्रिसी वेलिंग्टनचं २०११ चं ८:१८:१३ तर १२ वर्षं टिकलं, ते डॅनिएला रीफने मोडलं आणि पुढच्याच वर्षी ॲना हाउगने ८:०२:३८ केलं.

पण टायमिंग कुठलं ते आधी बघायला हवं. २०२१ ला मेक्सिकोत कोझुमेलला क्रिस्टियन ब्लुमेनफेल्टने ७:२१:१२ केलं, म्हणजे डिट्लेव्हपेक्षाही फास्ट, पण तिथे समुद्राचा करंट पाठीमागून होता आणि पोहणं ४० मिनिटांच्या आत संपलं, म्हणून बरेच जण ते टायमिंग वेगळं ठेवतात आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. २०२२ ला त्यानेच ६:४४:२५ केलं, पण पुढे पेसर्स (वेग राखून देणारे साथीदार) लावून, वारा अडवून, त्यामुळे ते रेकॉर्डमध्ये धरत नाहीत. उलट हवाईतल्या कोनाला वेटसूट (पाण्यात तरंगायला मदत करणारा रबरी सूट) चालत नाही, ऊन-वारा-दमट हवा, तिथलं पॅट्रिक लांगेचं ७:३५:५३ (२०२४) मला यातल्या कित्येक आकड्यांपेक्षा भारी वाटतं.

दमट हवेत पळणं म्हणजे काय ते मुंबईत प्रॅक्टिस करणाऱ्याला वेगळं सांगायला नको. ट्रॅफिक सुरू व्हायच्या आत सायकल उरकायची म्हणून पहाटे चारला उठायचं, ५० मीटरच्या पूलमध्ये ३.८ किमी म्हणजे ७६ लेंथ मारायच्या, तेही बॅचची वेळ संपायच्या आत, आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्हला पळताना टी-शर्ट पिळून काढावा लागतो. आपल्याकडे बहुतेकांचं टार्गेट १७ तासांचा कटऑफ, म्हणजे शर्यत संपवायची शेवटची मुदत, गाठणं हेच असतं. मिलिंद सोमणने २०१५ ला झुरिचची आयर्नमॅन पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली, आणि त्यानंतर इथल्या कित्येकांना हा प्रकार पहिल्यांदा कळला.