पाहुणे आले तेव्हा पाऊस होता का?

कॉम्प्युटरमधे घड्याळ असतंच की, मग त्याला वेळ कळायला काय अडचण, असं बऱ्याच जणांना वाटतं. घड्याळ आहे, पण युनिक्स (एक जुनी ऑपरेटिंग सिस्टीम) छापाच्या सिस्टीममधे ते फक्त १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच वेळेतल्या मध्यरात्रीपासूनचे (आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच) सेकंद मोजतं. आपण बोलताना सेकंद कुठे सांगतो? आपण म्हणतो, पाऊस पडत असताना लाईट गेली, पाऊस थांबला तरी आली नाही, अंधारातच पाहुणे आले आणि लाईट आल्यावरही बसून होते. एकही वाजलेला आकडा नाही. आता सांगा, पाहुणे पावसात आले का?

१९८३ मधे अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठातल्या जेम्स ॲलन यांनी यावर जे काढलं ते मला भयंकर आवडतं. ते म्हणाले क्षण सोडा, कालखंड धरा. दोन कालखंडांत नाती तेराच: एक दुसऱ्याच्या आधी, अगदी लागून, थोडा ओव्हरलॅप, एकाच वेळी सुरू, एकाच वेळी संपले, एक दुसऱ्याच्या पोटात, या सहांची उलटी सहा, आणि तेरावं म्हणजे दोन्ही तंतोतंत एक. (यात 'शुभ' नावाचं नातं नाही, मुहूर्ताची ॲप विकणाऱ्यांनी नोंद घ्यावी. ग्रहांची गणितं खरी असतात, पुढचं सगळं पदरचं.)

आता खरी गंमत. पाऊस आणि लाईट नसण्याचा काळ यांचा ओव्हरलॅप, लाईट नसण्याचा काळ आणि पाहुणे यांचा ओव्हरलॅप, तर पाऊस-पाहुणे काय? ॲलनच्या १३ गुणिले १३ च्या तक्त्यात बघायचं, उत्तर मिळतं तीन शक्यता: पाऊस आधीच संपला, पाऊस थांबला त्याच क्षणी पाहुणे आले, किंवा पावसातच आले. उरलेल्या दहा बाद! म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या आधी ते आलेच नव्हते आणि पाऊस थांबल्यावरही ते होते, हे घड्याळ न बघता पक्कं. मग कोणी सांगितलं की दारात आले तेव्हा धो धो चालू होता, की आणखी दोन खोडल्या, आणि ही खोडाखोड शेजारच्या प्रत्येक जोडीपर्यंत पसरत जाते.

पण हे तीन-तीन कालखंड घेऊन तपासणं पुरत नाही, कधीकधी प्रत्येक त्रिकूट बरोबर दिसतं आणि सगळं मिळून मात्र अशक्य असतं. व्हिलेन आणि काउट्झ या संशोधकांनी १९८६ मधे दाखवलं की सगळं मिळून शक्य आहे का हा पूर्ण प्रश्न एनपी-हार्ड आहे (म्हणजे कालखंड वाढले की तो नेहमी झटपट सोडवेल अशी रीत कोणालाच माहीत नाही), मग १९९५ मधे नेबेल आणि ब्युर्कर्ट यांनी तेरा नात्यांतून होणाऱ्या ८१९२ संचांपैकी (संच म्हणजे वरच्या तीन शक्यतांसारखी 'यांपैकी एक' अशी यादी) ८६८ चा असा गट काढला की तेवढेच वापरले तर त्रिकूट तपासणी पुरते, त्याचं नाव ओआरडी-हॉर्न, आणि त्यात एकही संच वाढवला की परत एनपी-हार्ड.

रोजच्या कामात एवढं खोल जावं लागत नाही. हॉलचं एक बुकिंग १२ ला संपतं आणि दुसरं १२ लाच सुरू होतं, ही टक्कर की नुसतं लागून? डेटाबेसवाले सहसा सुरुवातीचे १२ धरतात, शेवटचे १२ सोडतात, म्हणून दोन्ही पार्ट्यांना हॉल मिळतो. मधे झाडू मारायला वेळ हवा असेल तर तो वेगळा कालखंड टाकायचा.