घोळणा फुटणं, जिभेखालची कॅप्सूल आणि बीपीचा रक्तस्राव

आपल्या इकडं एप्रिल-मेमध्ये कोणाचा घोळणा फुटला की ऊन लागलं म्हणतात, अन् बीपी 200 च्या वर निघाला तर घरचे म्हणतात, "बरं झालं नाकातून गेलं, डोक्यात फुटलं असतं तं!" नाकातून रक्त गेल्यानं डोक्यातली नस वाचत नाही. घोळणा बीपीनंच फुटतो का यावर डॉक्टरांचं अजून एकमत नाही, कारण रक्त पाहून घाबरल्यानंही बीपी चढतो.

पट्टा बांधून बीपी मोजणं 1896 पासूनचं. 1939 मध्ये डोळ्याच्या आतला पडदा पाहून बीपी किती बिघडलाय याच्या चार पायऱ्या ठरल्या, तिसरीत पडद्यावर रक्ताचे ठिपके, चौथीत डोळ्याकडून मेंदूकडं जाणाऱ्या मज्जातंतूला सूज, अन् चौथीतले बहुतेक पेशंट तेव्हा वर्षभरात जायचे. 1967 मध्ये खालचा बीपी 115 ते 129 असलेल्या 143 पुरुषांवर तपासणी झाली, नुसती खोटी गोळी मिळालेल्यांत 27 गंभीर प्रकार घडले, औषधवाल्यांत फक्त 2.

पण खरा घोळ झाला तो निफेडिपिन या बीपी उतरवणाऱ्या औषधाच्या कॅप्सूलचा. कॅप्सूलला सुई टोचायची, थेंब जिभेखाली सोडायचे अन् अर्ध्या तासात आकडा खाली, नातेवाईक खुश, डॉक्टरही मोकळा, म्हणून ही पद्धत जगभर पसरली आणि खेड्यातल्या दवाखान्यांतही रुळली. औषध जिभेखालून फारसं शोषलंच जात नाही, गिळल्यावर पोटातून जातं, आणि बीपी किती खाली येईल यावर कोणाचाच ताबा राहत नाही. वर्षानुवर्षं जास्त प्रेशरची सवय झालेल्या मेंदूचा रक्तपुरवठा एकदम तुटतो, त्यातून लकवा, हार्ट अटॅक झाले. 1996 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या मेडिकल मासिकात हे बंदच करा अशी मागणी झाली. माझ्या मते ती उशिराच झाली. औषध मात्र वाईट नाही, गरोदरपणात बीपी फार चढला तर ते तोंडानं आजही देतात.

गरोदर बाईच्या उजव्या बरगडीखाली दुखतं, ते ॲसिडिटी समजून सोडून देतात. बीपी चढलेला असेल तर क्वचित लिव्हरच्या आवरणाखाली रक्त साचलेलं असतं, अन् ते फुटलं तर तासाभरात जिवावर बेततं.

2017 च्या शेवटी देशातल्या मोजक्या जिल्ह्यांत बीपीच्या रोजच्या गोळीचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला, त्यात आपले भंडारा-वर्धाही होते. गोळी मिळते, पण बीपीवाल्याचा डोळ्याचा पडदा पाहायला अजूनही बहुतेकांना गाव सोडून जिल्ह्यालाच जावं लागतं, अन् तूर-कापसाच्या हंगामात तेवढ्यासाठी कोण जाते?