नगर पोलीस दल (न्यू जर्सी)

नगर पोलीस दल : अमेरिकेतील एखाद्या गावाने किंवा लहान शहराने आपल्या उपविधीने स्थापन केलेले, मुख्यतः आपल्याच करातून चालवलेले आणि आपल्या हद्दीपुरते काम करणारे पोलीस दल. अमेरिकेत अशी स्थानिक दले सुमारे १२,००० असून त्यांतील जवळजवळ निम्म्या दलांत दहापेक्षाही कमी शपथबद्ध अधिकारी असतात. चित्रपटांतून जगाला परिचित झालेले न्यूयॉर्क किंवा लॉस अँजेलिसचे प्रचंड दल हा म्हणूनच अपवाद होय. नेहमीचे दल म्हणजे नगरपालिकेच्या इमारतीच्या एका बाजूला असलेले ठाणे, चार-सहा गाड्या आणि गावात बहुतेकांना नावाने माहीत असलेला चीफ.

महाराष्ट्रातील वाचकाला ही रचना प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटण्याची शक्यता आहे. भारतात पोलीस हा राज्यसूचीतील विषय असून महाराष्ट्रात १९५१ च्या पोलीस अधिनियमानुसार शिपायापासून महासंचालकापर्यंत सारे दल राज्याचे असते. नगराध्यक्षाला ठाण्याच्या निरीक्षकाच्या नेमणुकीत किंवा दलाच्या खर्चात कायदेशीर स्थान नसते. अमेरिकेतही मूळ पोलिसी अधिकार राज्यांचाच मानला जातो. मात्र लंडनच्या १८२९ च्या महानगर पोलिसांचा कित्ता गिरवत बॉस्टन (१८३८), न्यूयॉर्क (१८४५) अशा शहरांनी आपापली दले उभारली आणि राज्यांनी कायदे करून हा अधिकार गावोगावी वाटून दिला. प्रत्येक राज्याने तो आपल्या पद्धतीने दिल्यामुळे ‘अमेरिकी पद्धत’ अशी एक पद्धत सांगता येत नाही. प्रस्तुत नोंदीत न्यू जर्सी राज्याचे उदाहरण घेतले आहे. तेथे लहान दलांची दाटी आहे, त्यांच्या कारभाराचे नियम कायद्यात बऱ्याच तपशिलाने लिहिलेले आहेत, आणि एडिसनच्या परिसरात व आसपासच्या गावांत मराठी कुटुंबांची मोठी वस्तीही आहे.

न्यू जर्सीत २१ काउंट्या (जिल्ह्यासारखे विभाग) आणि साडेपाचशेहून अधिक स्थानिक संस्था आहेत. टाउनशिप, बरो, सिटी, टाउन आणि व्हिलेज असे त्यांचे प्रकार असले, तरी व्हिलेज सिटीपेक्षा लहानच असेल असे नाही. विशेषतः १८९४–९५ च्या सुमारास शाळांच्या कराच्या भांडणातून टाउनशिपा फुटून बरोंचे पेव फुटले. एकट्या बर्गन काउंटीत आज ७० संस्था आहेत आणि त्यांतील बहुतेकांचे स्वतःचे पोलीस दल आहे. मोटारीने पंधरा मिनिटांत चार गावांच्या हद्दी ओलांडल्या जातात आणि तितक्याच वेळा पोलिसांच्या गाडीवरचे नाव बदलते. ज्या गावांना, विशेषतः ग्रामीण भागात, स्वतःचे दल परवडत नाही, त्यांचा बंदोबस्त राज्य पोलीस पाहतात किंवा शेजारच्या गावाशी करार केला जातो.

दलाचा कायदेशीर पाया राज्याच्या नगरपालिका कायद्यातील एका कलमात आहे. गावाच्या नियामक मंडळाने उपविधी करून दल स्थापन करावे, त्यात कोणकोणती पदे असतील आणि अधिकाराची उतरंड कशी असेल हे ठरवावे, आणि दलावर देखरेख करणारा ‘योग्य प्राधिकारी’ कोण हे नेमून द्यावे, असे ते कलम सांगते. हा प्राधिकारी मेयर असू शकतो, व्यवस्थापक असू शकतो, कौन्सिलची पोलीस समिती असू शकते किंवा संपूर्ण मंडळही असू शकते. गावाची शासनपद्धती कोणती यावर ते बरेचसे अवलंबून असते. पारंपरिक बरोमध्ये मेयर आणि सहा सभासदांचे कौन्सिल असते व मेयरला एरवी मतसंख्या समसमान झाली तरच मत देता येते. टाउनशिप समितीच्या पद्धतीत तीन किंवा पाच सभासद आपल्यातूनच एकाला दरवर्षी मेयर निवडतात. १९५० च्या ऐच्छिक सनद कायद्याने गावांना आणखी काही पद्धती खुल्या केल्या. त्यांपैकी कौन्सिल-व्यवस्थापक पद्धतीत निवडून आलेली मंडळी धोरण ठरवतात आणि चीफची नेमणूक पगारी व्यवस्थापक करतो. या शेवटच्या पद्धतीत पोलीस दल निवडणुकीच्या राजकारणापासून एक पाऊल दूर राहते. बरोमध्ये मात्र ते प्रत्येक निवडणुकीच्या तोंडावर चर्चेत असते.

या कलमाचा गाभा १९८१ च्या दुरुस्तीने आजच्या स्वरूपात आला. तीनुसार, जेथे चीफचे पद निर्माण केलेले आहे तेथे चीफ हा दलाचा प्रमुख असतो आणि दलाची कार्यक्षमता व दैनंदिन कामकाज यांबद्दल तो प्राधिकाऱ्याला थेट जबाबदार असतो. नियमावली प्राधिकाऱ्याने करावी, तिची अंमलबजावणी चीफने करावी. हाताखालच्या प्रत्येकाची कामगिरी आणि नेमणूक चीफने ठरवावी. आणि महिन्यातून किमान एकदा त्याने प्राधिकाऱ्याला अहवाल द्यावा. मंडळाच्या सभासदांवरही बंधन आहे : पोलिसांच्या बाबतीत त्यांनी मंडळ म्हणून एकत्रितपणे किंवा प्राधिकाऱ्यामार्फतच वागायचे असते, एकेकट्याने नाही. समजा, शाळेजवळच्या रस्त्यावर गाड्या भरधाव जातात अशी तक्रार रहिवाशांनी एका सभासदाकडे केली, तर तो सभासद गस्तीवरच्या शिपायाला फोन करून ‘उद्या सकाळी तिथे थांब’ असे सांगू शकत नाही. तो विषय सभेत आणू शकतो, वेगमापक फलकासाठी पैसे मंजूर करवून घेऊ शकतो, शाळेजवळच्या सुरक्षेला प्राधान्य द्यावे असे धोरण करवून घेऊ शकतो. सकाळी आठला कोणती गाडी कोठे उभी राहील, हे मात्र चीफच ठरवतो. दुसऱ्या बाजूने चीफलाही पडद्याआड राहता येत नाही, कारण दलाच्या कामकाजाची किंवा कोणाही अधिकाऱ्याच्या कामगिरीची तपासणी केव्हाही करण्याचा प्राधिकाऱ्याचा हक्क त्याच कलमात राखून ठेवलेला आहे. धोरण कोठे संपते आणि दैनंदिन कामकाज कोठे सुरू होते, यावरून चीफ आणि मंडळ यांच्यात खटके उडतात. जादा कामाच्या वेतनाचा खर्च वाढला म्हणून मंडळाने पाळ्यांचे वेळापत्रक बदलायला सांगितले, तर ते धोरण की ढवळाढवळ, याचे उत्तर कलमात सरळ मिळत नाही.

काही गावे चीफऐवजी मुलकी पोलीस संचालक नेमतात. त्याची नेमणूक व उचलबांगडी सोपी असते, परंतु त्याला पोलिसी अधिकार नसतात. तो गाडी अडवू शकत नाही की अटक करू शकत नाही.

दलाची अंतर्गत उतरंड लष्करी वळणाची असते : पेट्रोलमन, सार्जंट, लेफ्टनंट, कॅप्टन आणि चीफ. डिटेक्टिव्ह हे बहुधा पद नसून नेमणूक असते व ती चीफ काढून घेऊ शकतो. वीस-बावीस जणांच्या दलात लेफ्टनंट किंवा कॅप्टन एखाद-दुसरा असतो, प्रत्येक पथकावर एक सार्जंट असतो, आणि तपास शाखा म्हणजे दोन डिटेक्टिव्ह, ज्यांच्याकडे बालगुन्हेगारी, मुद्देमालाची खोली आणि नव्या उमेदवारांची चारित्र्यपडताळणीही असते. बंदूक खरेदीचे परवाने न्यू जर्सीत गावाच्या चीफकडून मिळत असल्याने ते दप्तरही याच मंडळींच्या टेबलावर येते. याशिवाय नोंदी ठेवणारे मुलकी कारकून, शाळेजवळ मुलांना रस्ता ओलांडून देणारे रक्षक आणि विशेष अधिकारी असतात. विशेष अधिकाऱ्यांच्या पहिल्या वर्गाला शस्त्र बाळगता येत नाही, दुसऱ्या वर्गाला कामावर असताना पूर्ण अधिकार असतात, तर तिसरा वर्ग शाळांच्या सुरक्षेसाठी नेमलेल्या निवृत्त पोलिसांचा असतो. समुद्रकिनाऱ्यावरील गावांत उन्हाळ्याच्या गर्दीत दुसऱ्या वर्गाचा मोठा आधार असतो.

लहान दलाची खरी अडचण गणितात आहे. रस्त्यावर एक अधिकारी चोवीस तास, वर्षभर ठेवायचा म्हणजे ८,७६० तास भरायचे. आठवड्याला ४० तासांप्रमाणे एका माणसाचे वर्षाचे २,०८० तास होतात. त्यातून रजा, आजारपण, प्रशिक्षण आणि न्यायालयातील साक्षी वजा केल्या, तर हाती साधारण १,७५० उरतात. म्हणजे एका जागेसाठी पाच माणसे लागतात आणि प्रत्येक पाळीत दोन गाड्या हव्या असतील तर दहा, तेही सार्जंट, डिटेक्टिव्ह आणि चीफ धरल्याशिवाय. त्यामुळे बऱ्याच गावांनी बारा तासांच्या पाळ्या आणि चार पथके अशी रचना स्वीकारली आहे. तीत चौदा दिवसांत सात पाळ्या, म्हणजे ८४ तास भरतात, आणि संघराज्याच्या श्रमकायद्यात पोलिसांना जादा वेतन चौदा दिवसांत ८६ तासांनंतर लागू होत असल्याने हिशेब कायद्याच्या मर्यादेत बसतो. तरीही दोघे एकाच वेळी आजारी पडले, तर तिसऱ्याला जादा पाळी करावी लागते आणि तो खर्च पुढच्या सभेत कोणीतरी विचारतोच.

भरती राज्याच्या नागरी सेवा परीक्षेतून होते किंवा, गावाने ती पद्धत स्वीकारलेली नसेल तर, गावाच्या स्वतःच्या निवडप्रक्रियेतून होते. उमेदवाराला काउंटीच्या किंवा अन्य मान्यताप्राप्त अकादमीत काही महिन्यांचे मूलभूत प्रशिक्षण घ्यावे लागते. त्याचा अभ्यासक्रम राज्याचा पोलीस प्रशिक्षण आयोग ठरवतो. २०२२ साली मंजूर झालेल्या कायद्याने पोलिसांना राज्याचा परवानाही आवश्यक झाला, त्यामुळे एका गावातून काढलेला माणूस दुसऱ्या गावात गुपचूप रुजू होण्याची वाट अरुंद झाली. नोकरी मिळाल्यावर त्याने त्याच गावात राहावे अशी सक्ती गावाला करता येत नाही. ‘आपल्या गावचा पोलीस’ ही कल्पना भाषणांत वारंवार येत असली, तरी पाळी संपल्यावर तो बहुधा दुसऱ्याच गावी घरी जातो.

पैसा मुख्यतः मालमत्ता करातून येतो. गावाच्या अंदाजपत्रकात पोलिसांचा वाटा सर्वांत मोठ्यांपैकी एक असतो, आणि करवसुलीत दरवर्षी दोन टक्क्यांहून अधिक वाढ करण्यावर २०१० पासून राज्याने मर्यादा घातली आहे. पगार, पाळ्या आणि रजा यांविषयी पोलीस संघटनेशी करार होतो. पोलिसांना संप करता येत नाही. बोलणी फिसकटली तर लवादाचा निर्णय बंधनकारक असतो. निवृत्तिवेतन राज्यव्यापी निधीतून मिळते व त्यात गावाला आपला हिस्सा भरावाच लागतो. थोडक्यात, मंडळ अंदाजपत्रक मंजूर करते खरे, पण त्यातले फार थोडे आकडे त्याच्या हातात असतात. नुकसानभरपाईच्या दाव्यांसाठी अनेक गावे संयुक्त विमा निधीत सामील होतात. पाठलाग, कोठडी किंवा बळाचा वापर यांविषयीच्या प्रशिक्षणाचा आग्रह या निधीकडूनही धरला जातो, आणि चीफ त्याकडे सहसा दुर्लक्ष करत नाही. वाहतुकीचा दंड हेही उत्पन्न आहे, परंतु शिपायाला दंडपावत्यांचा कोटा ठरवून देण्यास राज्यात कायद्याने मनाई आहे. असा दंड हाच गावाच्या तिजोरीचा आधार झाला की काय होते, हे मिसुरी राज्यातील फर्ग्युसनविषयी संघराज्याच्या न्याय विभागाने मार्च २०१५ मध्ये दिलेल्या अहवालाने दाखवून दिले. रस्त्याचे खोदकाम, मिरवणूक, शाळेच्या सभागृहातला गणेशोत्सव किंवा दिवाळीचा कार्यक्रम यांसाठी लागणाऱ्या जादा पोलिसांचे पैसे मात्र आयोजकांकडून उपविधीत ठरलेल्या दराने घेतले जातात. एखाद्या उत्सव मंडळाच्या खजिनदाराला गावच्या पोलीस दलाच्या कारभाराचा पहिला परिचय बहुधा याच बिलातून होतो.

गावाच्या वर काउंटी प्रॉसिक्युटर (काउंटीचा मुख्य सरकारी वकील) आणि त्याच्या वर राज्याचा ॲटर्नी जनरल (राज्याचा सर्वोच्च विधी अधिकारी) असतो. दोघांचीही नेमणूक राज्यपाल राज्याच्या सिनेटच्या संमतीने करतो, आणि १९७० च्या फौजदारी न्याय कायद्याने राज्यातील सर्व पोलिसांवर ॲटर्नी जनरलला देखरेखीचा अधिकार आहे. खून व इतर गंभीर गुन्ह्यांच्या तपासात प्रॉसिक्युटरचे कार्यालय पुढाकार घेते. बळाचा वापर, देहावरचे कॅमेरे, अंतर्गत चौकशी यांविषयीचे ॲटर्नी जनरलचे निर्देश पाच जणांच्या दलालाही लागू असतात. पोलिसांच्या हातून किंवा ताब्यात असताना मृत्यू झाला, तर २०१९ च्या कायद्यानुसार तपास ॲटर्नी जनरलकडे जातो. संपूर्ण दलाचा ताबा घेणे हे टोकाचे साधन असून पॅटरसन या मोठ्या शहरात मार्च २०२३ मध्ये ते वापरले गेले व त्यावरून न्यायालयीन वादही झाला.

शिस्तभंगाच्या कारवाईत दल लहान असण्याचा तोटा सर्वांत उघड दिसतो. योग्य कारणाशिवाय कोणालाही बडतर्फ किंवा निलंबित करता येत नाही. नियमभंगाच्या प्रकरणात पुरेशी माहिती हाती आल्यापासून ४५ दिवसांत आरोपपत्र दाखल करावे लागते. त्यानंतर सुनावणी आणि अपील. मोठ्या शहरात अंतर्गत चौकशीची स्वतंत्र शाखा असते. बारा जणांच्या दलात चौकशी करणारा सार्जंट आणि ज्याची चौकशी व्हायची तो एकाच पथकात वर्षानुवर्षे वावरलेले असतात, कदाचित एकमेकांच्या मुलांच्या वाढदिवसांनाही गेलेले असतात. तक्रार चीफविरुद्धच असेल तर ती प्रॉसिक्युटरकडे पाठवावी लागते. नियमावली कितीही काटेकोर असली, तरी हा दोष केवळ नियमांनी भरून निघणारा नाही.

त्यामुळे विलीनीकरणाचा विषय दर काही वर्षांनी निघतो. प्रिन्स्टन बरो आणि प्रिन्स्टन टाउनशिप १ जानेवारी २०१३ रोजी एक झाल्या तेव्हा त्यांची पोलीस दलेही एकत्र आली. त्याच वर्षी कॅम्डन शहराने आपले दल बरखास्त करून काम काउंटीच्या नव्या दलाकडे सोपवले. लहान गावांनी मात्र हा मार्ग क्वचितच धरला आहे, कारण दल गेले की प्रतिसादाला लागणारी मिनिटे वाढतील, ही भीती मतदाराला कराच्या आकड्यापेक्षा अधिक पटते. अनेक गावे दल आपल्या नावाचे ठेवून ९११ या आपत्कालीन क्रमांकावर येणाऱ्या फोनची व्यवस्था काउंटीच्या नियंत्रण कक्षाकडे देतात, आणि रात्री मदत लागलीच तर परस्पर साहाय्याच्या करारानुसार शेजारच्या गावाची गाडी येते.